पाटील की मास्तर

श्री, आज फायनल आहे आणि आपल्या घरात कुणी ओरडत नाहीये. समोरच्या घरापुढे सात गाड्या लागल्यात. तिथला गोरा शेजारी पिझ्झाचे खोके एकावर एक रचून आत नेत होता, मला खिडकीत बघून त्याने हात केला आणि मग एकदम ओशाळून मान खाली घातली. बिचारा. दरवर्षी तो तुला बोलवायचा आणि दरवर्षी तू त्याला सांगायचास, मॅच बघताना मला माणसं चालत नाहीत, फक्त बायको चालते. हे माझं कौतुक आहे असं समजून मी कित्येक वर्षं खूष होते. नंतर लक्षात आलं, बायकोला 'गप्प बस' म्हणता येतं, शेजाऱ्याला म्हणता येत नाही.

केतकी आज सकाळी शिकागोला परत गेली. तिची शाळा आहे, वर्ग तीन आठवडे दुसऱ्या बाईंच्या हाती आहे, किती दिवस राहणार पोर? फ्रीज मंडळातल्या बायकांच्या डब्यांनी भरलाय. पाच घरांच्या पाच आमट्या आहेत आणि एकीलाही मीठ धड नाही. सगळ्या येऊन हात धरून सांगून गेल्या, 'तुम्ही त्यांचं खूप केलंत हो.' हे वाक्य कानावर आलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. मी काय केलं ते मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. नोव्हेंबरमध्ये तुला उपचार थांबवायचे होते, मी थांबवू दिले नाहीत. त्यावर आपलं बोलणं राहिलं ते राहिलंच. आज ते करायचंय. तू काही बोलणार नाहीस, म्हणजे नेहमीसारखं दोघांच्या वाटचं मलाच बोलावं लागणार.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला सांगितलं होतं की नवरा केमिकल इंजिनियर आहे. पहिल्याच रविवारी कळलं की तो आठवड्यातले सहाच दिवस इंजिनियर असतो. सातव्या दिवशी तो सोफ्यावर उकिडवा बसतो आणि टीव्हीतल्या धटिंगणांना सांगलीच्या शिव्या देतो. इथे कॉलेजात शिकताना अमेरिकन फुटबॉलचं हे वेड तुला लागलं होतं, मला वाटलं संसारात पडल्यावर जाईल. डोंबल जाईल! क्वार्टरबॅक म्हणजे काय हे तू मला तीनदा समजावलंस आणि तिन्ही वेळा माझी भाजी करपली. शेवटी वैतागून मी म्हटलं, 'म्हणजे पंगतीतला वाढपीच ना रे? सगळे ताटं घेऊन सैरावैरा पळतायत आणि ह्याने ठरवायचं कुणाला वाढायचं?' तू इतका हसलास की सोफ्यावरून खाली आलास. तेव्हापासून आपल्या घरात क्वार्टरबॅक नव्हताच, वाढपी होता. केतकी दुसरीत असताना वर्गातल्या एका मुलाशी 'वाढपी' शब्दावरून भांडून आली होती. तो शब्द इंग्लिश नाही हे तिला माहीतच नव्हतं.

खेळाडूंची नावंही मीच ठेवली, कारण खरी नावं मला जमेनात. छाती पुढे काढून, मिरवणुकीत निघाल्यासारखा धावायचा तो पाटील. कपाळाला आठ्या घालून पोरांवर खेकसायचा तो वाढपी म्हणजे मास्तर. तू ऑफिसात अमेरिकन लोकांशी बोलतानासुद्धा एकदा पाटील म्हणून बसलास, आठवतं? घरी येऊन माझ्यावर चिडलास. चिडलास कसला, सांगता सांगता हसत होतास.

श्री, अकरा सप्टेंबरनंतरचा तो रविवार मला आज सारखा आठवतोय. मॅचेस बंद होत्या. तुझ्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाचा अजून पत्ता नव्हता, तू सकाळी त्याच्याकडे जाऊन बसून आला होतास. दुपारी एक वाजला तसा सवयीने तू रिमोट उचललास आणि परत खाली ठेवलास. घरात कसला म्हणून आवाज नव्हता. मग तू म्हणालास, 'ये, बस. तुला पाटलाची गोष्ट सांगतो.'

आणि तू मला पाटलाची अख्खी कारकीर्द तोंडपाठ सांगितलीस. उंची कमी म्हणून त्याला मोठी कॉलेजं घ्यायला तयार नव्हती. लीगमध्ये निवड झाली तीही बाकीचे निवडून झाल्यावर, उरलेल्यांत. आणि पहिल्याच वर्षी हा पठ्ठ्या नवख्यांमध्ये सर्वोत्तम ठरला, पुढे दोन वर्षांत साऱ्या लीगमध्ये. टीम दरिद्री, कायम हरणारी. समोरचे अकराच्या अकरा फक्त ह्याच्यावर टपलेले, तरी वर्षामागून वर्षं चेंडू घेऊन सगळ्यात जास्त यार्ड धावलेला हाच. धावण्याचा सगळ्यात मोठा विक्रम अगदी हाताशी आला होता, एक सीझन, फार तर दीड. आणि त्याच उन्हाळ्यात त्याने पत्रकारांना बोलावलं, बायको शेजारी उभी, आणि म्हणाला, पुरे.

मग मास्तर. दोन वर्षं नुसता बाकावर बसून काढलेला. मुख्य वाढप्याचं हाड मोडलं म्हणून ह्याला उतरवला, तो पुन्हा बाकावर बसलाच नाही. फायनल जिंकला, हरला, परत जिंकला. खांदा कापला, डॉक्टर म्हणाले हा संपला, आणि हा पुढच्या सीझनला पहिल्या मॅचला हजर. तू हे सांगताना उभा राहिला होतास. चहा निवून गेला तरी तुला भान नव्हतं. बाहेर अख्खं जग बिनसलेलं असताना तू मला दोन परक्या माणसांची कामं अशी सांगत होतास, जशी काही तीच तेवढी शिल्लक राहिली होती. मी एरवी ह्या खेळाला नावं ठेवायची, पण त्या दुपारी मला तुझा फार आधार वाटला. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

ते सांगायचं सोडून मी भांडण काढलं. तू पाटलाला पळपुटा म्हणालास. 'विक्रम हातातोंडाशी आला आणि गडी घरी गेला! खेळाडू कुठे राहिला तो?' मी म्हटलं, 'स्वतःच्या पायांनी घरी गेला ना? मुलाला खांद्यावर घेईल, जिना चढेल. तुझा मास्तर बघ, पन्नाशीत त्याला मोजे दुसऱ्याने घालावे लागतील.' तू म्हणालास, 'तुला काय कळतंय!' झालं. सहा वर्षं हे भांडण चाललं. गाडीत, जेवताना, लोकांच्या घरी. पाटील शहाणा की मास्तर थोर? त्यात आपण कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही आणि खरं सांगू का, भांडण मिटू नये अशीच दोघांची इच्छा होती.

आणि तो तुझा नियम! मंडळाचे कार्यक्रम नेमके रविवारी, म्हणून तू मॅच टेप करून ठेवायचास आणि घरी परत येईपर्यंत कुणी निकाल सांगायचा नाही. अख्ख्या मंडळाला हे माहीत होतं. शाळेच्या हॉलमध्ये गणपतीची आरती चाललेली आणि हा गृहस्थ कानांत बोटं घालून कोपऱ्यात उभा, कारण मागची पोरं स्कोअर बोलतायत. एका वर्षी आपल्या कोषाध्यक्षांनी आरती झाल्या झाल्या माइकवरूनच निकाल जाहीर केला. तू प्रसाद न घेता पार्किंग लॉटमध्ये जाऊन बसलास. पन्नाशी उलटलेला माणूस! मला लाज वाटली होती, आणि घरी येताना तुझ्याकडे बघून हसूही आवरत नव्हतं. तीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नाही हं. निकाल माझ्या तोंडून तुला कधीच कळला नाही.

आता नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार. ती डॉक्टरीण चांगली होती, तिने काही लपवलं नाही. केमोची आणखी एक फेरी देता येईल, पण फार आशा धरू नका, तुम्ही दोघं ठरवा, म्हणाली. तू शांतपणे म्हणालास, 'आय थिंक आय ॲम डन.' पानात आणखी पोळी नको म्हणतो ना आपण, तसं. आणि त्याच श्वासात मी म्हणाले, 'ही विल टेक इट.' ती एकदा तुझ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि मी किल्ली फिरवलीच नाही.

'माधवी, बास झालं गं,' तू म्हणालास. 'मला घरी बसायचंय. सोफ्यावर. जितके रविवार मिळतील तितके.'

'आणि मी काय करू?'

'तू शेजारी बस की.'

'मास्तरचा खांदा कापला होता, श्री. तो उतरलाच ना परत?'

तू हसलास. त्या दिवसांत तू फार कमी हसायचास. 'वा गं वा! सहा वर्षं पाटलाची वकिली केलीस आणि आज बरी फिरलीस!'

'आणि तू नाही फिरलास? ऐन वेळेला निघालास की घरी! पळपुटा कुठला!'

बोलून गेले. तुझाच शब्द, तुझ्याच तोंडावर. तू खिडकीबाहेर बघायला लागलास. केतकी आली, टर्की झाली, तुझ्या वरणभातात मी तूप घातलं, तू अर्धा घास खाल्लास. शुक्रवारी मी मेथी निवडत होते. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलास, भिंतीला हात टेकून, आणि म्हणालास, 'सांग तिला. घेतो फेरी.' मी काय म्हणाले आठवतंय? 'शाब्बास.' केतकी पहिल्यांदा सायकल चालवायला शिकली तेव्हा तिला म्हटलं होतं तशी. तू मान हलवलीस आणि परत जाऊन झोपलास.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वीस वर्षं रक्तं तपासली, श्री. तुझे रिपोर्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेच आकडे दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचे असते तर मी त्या बाईला बाजूला घेऊन म्हटलं असतं, 'अहो, घरी न्या त्यांना, त्यांना आवडेल ते करून घाला.' हे मी मंडळातल्या एकीला खरोखर सांगितलंही होतं, तिने ऐकलं, आणि नंतर माझे आभार मानले. तुझ्या वेळेला मात्र माझी मती कुठे गेली होती देव जाणे. मती जागेवरच होती. मला कळत होतं आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

पुढचं तुला सांगायला नको. तोंड आलं, पाणी गिळवेना, कशालाही लोखंडाची चव. नाताळ झाला आणि ताप आला, आणि तू हॉस्पिटलच्या त्या पलंगावर गेलास तो तिथलाच झालास. जानेवारीतला तो रविवार. बाद फेरीत मास्तरची मॅच होती. तू सकाळी मला म्हणालास, 'आज मला घरी ने. सोफ्यावर नुसता आडवा पडतो.' मी म्हटलं, 'रक्ताचे काउंट जरा वर येऊ देत, पुढच्या रविवारी नेते.' पुढच्या रविवारी! काउंट मी तासाभरापूर्वीच वाचले होते.

दुपारी मी आंघोळीला घरी आले. मॅच रेकॉर्डला लावली होती, पण मी समोर बसूनच पाहिली. तुझ्याशिवाय पहिली मॅच. शेवटची दोन मिनिटं उरली होती, मास्तरची टीम चार पॉइंटांनी मागे, आणि त्याने चेंडू नेमका समोरच्या माणसाच्या हातात दिला. चाळिशी उलटलेला माणूस, त्याला तो दिसलाच नाही. हरला. मग माइकसमोर येऊन म्हणाला की ही माझी शेवटची मॅच. श्री, मी त्या परक्या माणसासाठी सोफ्यावर बसून ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं आणि हॉस्पिटलला आले.

तू जागा होतास. म्हणालास, 'काय झालं मॅचचं?'

तीस वर्षांत तू हे कधी विचारलं नव्हतंस. तू का विचारतोयस ते मला लगेच समजलं, आणि म्हणूनच मी चेहरा हसरा केला. 'सांगणार नाही. घरी चल आणि बघ.'

'माधवी, सांग ना. मास्तर जिंकला का?'

'नियम म्हणजे नियम,' म्हणत मी तुझी उशी सारखी करायला लागले. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. एक निकाल मागत होतास, एवढा साधा, आणि मी दिला नाही. दिला असता तर तू घरी येणार नाहीस हे माझ्या तोंडून निघाल्यासारखं झालं असतं.

सोमवारी सकाळी आले तर तू उशीला टेकून बसला होतास. मला बघितल्या बघितल्या म्हणालास, 'ती मॅच पुसू नकोस हं. घरी आलो की बघू. आणि तोपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.' मला इतका आनंद झाला! मी नर्सला सांगितलं, कॉरिडॉरमधून केतकीला फोन करून सांगितलं, 'बाबाला उभारी आलीय, मॅच बघायची म्हणतोय.' ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने रडतेय. गुरुवारी दुपारी तू गेलास.

त्यानंतरचे दिवस मी त्या सोमवारवर काढले. फेरी घ्यायला लावली ती लावली, पण निदान शेवटपर्यंत ह्याला आशा होती, घरी यायचं होतं, असं मनाशी घोकत होते. आज सकाळी नेवार्क विमानतळावर जाताना गाडीत केतकीलाही तेच म्हणाले. ती म्हणाली, 'आई, पुल ओव्हर.' मी गाडी कडेला घेतली.

'ही न्यू, आई. स्कोअर. बाबाला माहीत होता.'

रविवारी संध्याकाळी मी घरी निघाले आणि तू नर्सकडून केतकीचा फोन लावून घेतलास. तिने तुला सगळं सांगितलं, तो चुकलेला चेंडू, ते माइकसमोरचं बोलणं, सगळं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, मैदानातून बाहेर कसा गेला? ती म्हणाली, 'ही वॉक्ड, बाबा. ऑल बाय हिमसेल्फ.' तू म्हणालास, 'छान.' आणि मग तिच्याकडून कबूल करून घेतलंस की मला कळलंय हे आईला सांगायचं नाही. 'शी नीड्स मी टू वेट फॉर इट,' असं म्हणालास म्हणे.

म्हणजे सोमवारची ती उभारी माझ्यासाठी होती. फेरीही माझ्यासाठी आणि उभारीही माझ्यासाठी. अरे, एवढं कशाला करायचं माणसाने? थांबायचं होतं तर थांबायचं होतंस. मी आदळआपट केली असती, आठवडाभर अबोला धरला असता, पण तू सोफ्यावर असतास आणि मी शेजारी बसले असते. तू दोनदा घरी यायचं म्हणालास आणि मी दोनदा नाही म्हटलं. पाटील शहाणा होता, हे तुला सहा वर्षं ऐकवणारी मीच ना? पण मला त्याचं शहाणपण तुझ्यात नको होतं रे. मला तू हवा होतास, कसाही, नळ्या लावलेला, न बोलणारा, पण हवा होतास. मी चुकले, श्री.

गाडीत मी केतकीला विचारलं, 'वॉज ही मॅड ॲट मी?' इंग्लिशमध्ये विचारलं, मराठीत विचारायचा धीर होईना. ती म्हणाली, 'नो, आई. नेव्हर. ही टोल्ड मी.' मी मान हलवली, गाडी चालू केली, तिला सोडलं, तिने काचेतून हात केला, मीही केला. घरी येईपर्यंत ठीक होते. पण आता इथे बसल्यावर मनात येतंय, सोमवारी सकाळी तू माझ्या तोंडावर इतक्या सफाईने बोललास की तीस वर्षं तुझा चेहरा वाचणाऱ्या मला पत्ता लागला नाही. मग फोनवर लेकीपाशी तसंच बोलायला तुला कितीसं जड गेलं असेल? ती जे सांगते ते तिला खरं वाटतं. मला कसं वाटावं? आणि आता विचारू तरी कुणाला? खरं सांग, श्री, रागावला होतास का रे?